पाटावरची हजेरी

नाशिकहून परतून आता सहा महिने होतील. तेव्हापासून रंगूनच्या आपल्या मराठी मंडळात जो भेटतो तो मला तेच चार प्रश्न विचारतो. गंगेला पाणी किती होतं? वाटेत हाल झाले का? लीलाला शाळेत घेतलं कसं? आणि आता कायद्याने ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तर आपलं काय? पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे आहेत, चौथ्याचं अर्धं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा मंडळाच्या हस्तलिखित अंकात एकदा नीट लिहावं आणि मोकळं व्हावं, असं ठरवलं. आपल्यापैकी निम्म्यांनी वडिलांचं गाव डोळ्यांनी पाहिलेलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मीही त्यांतलाच होतो.

मी दवाखान्याच्या कोठीवर काम करतो. चादरी, अभ्रे, पट्ट्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या. यादीशिवाय मी घराबाहेर पडत नाही हे घरी थट्टेचं कारण आहे. या प्रवासाच्या यादीत छत्री, क्विनाइन, लीलाचे दाखले, सुईदोरा असं सगळं होतं. दाखले सोडले तर उपयोगी पडली ती एकही गोष्ट तिच्यात नव्हती, हे आधीच कबूल करतो.

जाण्याचं कारण लीला. तिला शिक्षिका व्हायचं आहे. नाशिकला मुलींना त्याचं शिक्षण देणारी एक शाळा आहे. तिथे दिवाळीनंतरच्या सत्रासाठी एक जागा रिकामी होती. अट एवढीच की घराणं नाशिक जिल्ह्यातलं असलं पाहिजे. माझे वडील, रामजी भामरे, मोसम नदीच्या काठच्या बोरदऱ्याचे. तरुणपणी पुलांच्या कामावर ब्रह्मदेशात आले, मिस्त्री झाले आणि इथेच वारले. माझा जन्म रंगूनचा, लीलाचाही. ब्रह्मदेश तुटणार हे तेव्हा ठरलेलंच होतं. एकदा तुटला की आमची पोर परक्या देशातली होणार आणि ही वाट बंद होणार. म्हणून याच सत्राला जमलं तर जमलं, असा हिशोब होता. पत्नी धाकट्या मुलांसह मागे राहिली आणि आम्ही दोघं बापलेक आगबोटीत बसलो.

नाशिक

आगबोट आणि आगगाडी यांचं वर्णन करत नाही. नाशिकरोडला उतरलो, टांग्याने गावात आलो आणि दत्तोपंत वकिलांकडे उतरलो. हे दत्तोपंत दोन वर्षं रंगूनला होते. जुन्या सभासदांना त्यांची लांबलचक भाषणं आठवत असतील. भाषणं तेवढीच लांब आहेत आणि मनही तेवढंच मोठं. त्यांच्या पत्नी अन्नपूर्णाबाईंनी आम्हांला पाहुण्यासारखं न वागवता पहिल्याच दिवशी लीलाला पोळ्या लाटायला बसवलं. याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे. परक्या घरात काम मिळालं की माणूस लवकर स्थिरावतो.

सकाळी गंगेवर गेलो. गोदावरीला इथे कोणीच गोदावरी म्हणत नाही. पाणी पावसाळ्यानंतरचं, निवळत आलेलं. तांबट आळीतली ठोकाठोक घाटापर्यंत ऐकू येते. आपल्याकडे पॅगोड्याच्या घंटा ऐकू येतात, त्यांची जागा इथे हातोड्यांनी घेतली आहे. पायरीवर पाऊल ठेवलं तोच एक उपाध्ये पुढे आले.

"गाव कोणतं?"

"रंगून."

"ते राहण्याचं. मी गाव विचारतो."

मी बोरदरे सांगितलं. त्यांनी मला दुसऱ्या उपाध्यांकडे नेलं, त्यांनी तिसऱ्यांकडे. कोणत्या गावाचे यात्रेकरू कोणाकडे, हे त्यांच्यात वाटलेलं आहे. तिसऱ्यांनी कापडात बांधलेली लांबट वही सोडली. गावागावाने, आडनावाआडनावाने, बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू अशी मांडणी होती. कोठीवरचा माणूस म्हणून सांगतो, इतकं व्यवस्थित दप्तर मी सरकारी कचेरीतही पाहिलेलं नाही. पण त्यात आमचं कोणी नव्हतं.

"तुमच्याकडचे शेतकरी इतक्या लांब कमी येतात," उपाध्ये समजूत घालत म्हणाले. "आता तुम्ही आलात. तुमच्यापासून सुरू करू या."

मी नाव घातलं. पण पुरावा म्हणून चालला असता असा एक कागद हुकला, हे मनात टोचलं.

शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमळ होत्या आणि तितक्याच ठाम. त्यांनी लीलाचे दाखले पाहिले, तिला चार ओळी वाचायला लावल्या, मान डोलावली आणि मला म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे. गावच्या पाटलांचं पत्र आणि त्यावर तालुका कचेरीचा शिक्का, एवढं पंधरा दिवसांत आणा."

दत्तोपंत सोबत होते. ते खुर्चीत पुढे सरकले. "बाई, हा काय प्रकार आहे? मद्रासचा असो, लाहोरचा असो, रंगूनचा असो, आपण सारे हिंदी. हिंदी माणसाला जिल्हा कसला विचारता? उद्या तालुका विचाराल, परवा गल्ली!"

"अगदी खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण जागा एकच आहे, वकीलसाहेब. सुरगाण्याकडच्या एका मुलीचाही अर्ज आहे. ते तर संस्थान, तिकडचा राजा वेगळा, कागद वेगळा. तिच्या वडिलांनाही मी हेच सांगितलं. ते तीन दिवस डोंगर उतरून आले होते. तुम्ही सांगा, कोणाला नाही म्हणू?"

दत्तोपंत बोलता बोलता थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले. बाहेर आल्यावर मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कागद आण बाबा. पण एक लक्षात ठेव. कागद नाही मिळाला तरी तू आमचाच." या वाक्याने कुठलंही दार उघडणार नव्हतं. पण पुढचे चार दिवस मी ते खिशातल्या रुमालासारखं बाळगलं.

सटाण्याच्या वाटेवर

सर्व्हिस मोटार ओझर, पिंपळगाव करत आग्रा रोडने निघाली. ओझरला कोणीतरी द्राक्षांचे मांडव घातलेत, ते लीलाने मोटारीतून उभं राहून पाहिले आणि क्लीनरची बोलणी खाल्ली. देवळ्याच्या अलीकडे चाक पंक्चर झालं. सगळे उतरून बाभळीखाली बसले. कांद्याची रोपं लावणाऱ्या बायकाही काम सोडून मोटार बघायला आल्या. एका म्हातारीने मला निरखून विचारलं, "कोन्या गावचे?"

मला शहाणपण आलेलं नव्हतं. "रंगूनचे, आजी."

"ते कोन्या तालुक्यात हाय?"

"समुद्रापलीकडे आहे. बोटीने जावं लागतं."

"मंग हिकडं कशाला येता? तिकडं नाय का कांदे?"

सगळे हसले. मीही हसलो. मग तिने सुनेच्या फडक्यातली बाजरीची अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा लीलाच्या हातावर ठेवला. "खा. लय लांबून आलीस." बर्मी तिखटावर वाढलेली माझी मुलगी त्या ठेच्याने डोळे पुसत राहिली, आणि म्हातारीने तेवढ्यात तिच्या वेणीचा सुटलेला शेंडा पुन्हा गुंफला. तिचं नाव विचारायचं राहिलं. माझ्या वहीत तिची नोंद 'देवळ्याच्या आजी' अशीच आहे.

बोरदरे

सटाण्याहून छकड्याने दुपारी गावात पोचलो. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगितलेली निंबाची वेस होती. घर नव्हतं. त्या जागेवर कोणीतरी कडबा रचलेला. मला वाटलं होतं काहीतरी आतून हलेल. तसं काही झालं नाही. मी जागेची लांबी-रुंदी पावलांनी मोजली आणि वहीत लिहिली. काय करायचं हे न सुचलं की मी मोजतो.

गावचे तलाठी चावडीत बसले होते. त्यांनी दप्तर काढलं आणि बोटाने नावं खाली खाली नेली.

"रामजी भामरे. जमीन विकली. घर पडलं. त्यानंतर काही नाही. तुम्ही इथले कसे?"

"वडील इथले."

"वडील होते. तुम्ही ब्रह्मदेशातले. तो देश आता वेगळा होणार म्हणतात. उद्या मला वरून विचारणा झाली, परक्या देशाच्या माणसाला गावचा म्हणून कसं लिहिलं, तर मी काय सांगू?"

माणूस वाईट नव्हता. त्याच्या जागी मीही कोठीतून पावतीशिवाय चादर दिली नसती. रंगूनच्या बाजारात आपल्याला 'कला' म्हणतात, समुद्रापलीकडून आलेला. इथे समुद्र ओलांडून आलो तर पुन्हा तेच. लीला चावडीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने दाखल्यांची पिशवी छातीशी धरली होती ती सोडेना.

एवढ्यात दगाजी पाटील आले. साठीचे, उंच, कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "परवा ये पाटवर. तुना बापनं नाव निंघनं, तर सही करसू."

ही अहिराणी. 'शे' आणि 'नही' वाली. बापू घरात हीच बोलत आणि आम्ही भावंडं हसत असू. बापू गेल्यापासून ती माझ्या कानावर पडली नव्हती. परवा पाटावर ये, बापाचं नाव निघालं तर सही करीन, हे मला सगळं कळलं, आणि कळलं याचंच मला नवल वाटलं. पुढचं मोठं बोलणं मात्र सोयीसाठी आपल्या भाषेत देतो.

त्या बाजूची रीत सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मोसम नदीला जागोजाग जुने दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि गावाच्या शेतांना पाणी देतो. तेच पाणी गावाच्या टाक्यात पडतं. पावसाळ्यात पाटात गाळ भरतो. दसऱ्यानंतर एक दिवस ठरवतात आणि घरटी एक माणूस येऊन तो उपसतो. प्रत्येक घराचा तुकडा ठरलेला. या बाभळीपासून त्या धोंड्यापर्यंत तुझा, तिथून पुढे त्याचा. पाणी वाटणारा जो पाटकरी, तो सकाळी नावं पुकारतो. ज्याने 'हजर' म्हटलं आणि तुकडा उपसला, तो वर्षभर गावचा. दप्तरात कोणाची नोंद आहे, हे तिथे कोणी विचारत नाही.

ही माहिती मला पाटलांच्या घरी जेवताना मिळाली. कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, उडदाचं घुटं, वर कच्चा कांदा. जेवण उत्तम होतं. डोकं मात्र यादी करत होतं. बापूंचा तुकडा म्हणजे पन्नास वर्षं साचलेला गाळ. मला फावडं धरता येत नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी सटाण्याच्या बाजारात जाऊन मी एक धट्टाकट्टा मजूर ठरवून आणला. गडी, फावडं, दोन पाट्या, दोराचं वेटोळं. सगळ्यावर खुणा केल्या आणि शांत झोपलो.

पाट

उजाडताच सगळं गाव पाटावर होतं. पुरुष फावड्यांवर टेकलेले, बायका डोक्यावर पाट्या घेऊन. महादू पाटकरी म्हणून एक बुटके गृहस्थ दगडावर उभे राहिले आणि नावं पुकारू लागले. हातात कागद नाही. मी चकित होऊन मोजत होतो. शंभरावर नावं गेली, एकही अडखळलं नाही. काही नावं मेलेल्यांची होती. त्यांना नातवंडं उत्तर देत होती.

"रामजी भामरे!"

मी माझ्या गड्याला कोपराने ढोसलं. तो छाती पुढे काढून ओरडला, "हजर!"

त्याच क्षणी पाटाच्या पलीकडून दुसरा आवाज आला. "हाजिर शे!"

सगळे थांबले. पलीकडे पांढरी दाढी, चौकड्यांची लुंगी, खांद्यावर फावडं असा एक म्हातारा उभा होता. त्याने माझ्या गड्याकडे पाहिलं, गड्याने त्याच्याकडे.

"हाऊ कोन शे?" पाटकऱ्यांनी विचारलं.

मी पुढे झालो. "मी रामजींचा मुलगा. हा माझा माणूस. माझ्या वतीने उपसेल. त्याची मजुरी मी—"

पुढचं हशात बुडालं. एक बाई पाटी डोक्यावरून उतरवून हसली. "रंगूननी रीत शे का ही? उद्या जेवाले बी भाडाना मानूस लाई दे!"

पाटकरी हसले नाहीत. "भाडाना मानूस पाटवर चालत नही. आजारी असशी तर सांग. नहीतर तू उतर."

माझे कान तापले. वीस वर्षं मी प्रत्येक काम योग्य माणसाकडून करून घेतलं आणि ते चोख केलं असं समजत आलो. इथे तीच चूक ठरली. माझ्या गड्याने मात्र संधी साधली. फावडं माझ्या हातात दिलं, निंबाखाली जाऊन बसला आणि दिवसभर मोठ्या आवडीने माझं काम पाहत राहिला. "साहेब, फावडं उलटं धरलंय," ही त्याची पहिली सूचना. पुढच्याही सगळ्या बरोबर होत्या.

पण त्याआधी तलाठी बोलले. तेही पाटावर आले होते. "थांबा पाटील. हा करीम विणकर. याच्या नावावर एक गुंठा जमीन नाही. याचा आजा उत्तरेकडून आलेला. हा उपऱ्याच्या घरचा माणूस दुसऱ्या परदेशी माणसाच्या नावाला हजेरी देतो. हे कायद्यात कुठे बसतं?"

"कायद्यानं तुम्ही देखा," पाटील म्हणाले. "पाटनं माले माहीत शे." आणि पाटकऱ्यांना पुढची नावं घ्यायची खूण केली.

बापूंच्या तुकड्यापाशी गेलो तर तिथे पन्नास वर्षांचा गाळ नव्हता. या एका पावसाळ्याचाच होता, गुडघाभर. लीला पाटी घेऊन खाली उतरली आणि करीमचाचांच्या घरातल्या बायकांच्या रांगेत उभी राहिली. मी आणि चाचा शेजारी शेजारी उपसत होतो. तासाभराने माझी पाठ बोलू लागली. त्यांचं वय सत्तरीजवळ, आणि श्वास माझ्यापेक्षा संथ.

दुपारी भाकऱ्या सोडल्या तेव्हा मी विचारलं, "चाचा, बापूंच्या नावाला तुम्ही का हजर म्हणालात?"

त्यांनी आधी भाकरीचा घास संपवला. "माझे आजोबा बनारसेच्या पलीकडून निघाले. गाडीत माग बांधलेला, मागे दोन पोरं. आग्रा रोडने चालत मालेगावला आले. तिथे जागा नव्हती, म्हणून इकडे. गाव म्हणालं, राहा. पण ज्याला जमीन नाही त्याला पाटावर तुकडा नाही. तुकडा नाही तर नाव नाही. दोन वर्षं आम्ही वेशीबाहेर. कापड घ्यायला गाव यायचं, पण टाक्यातलं पाणी आम्हांला नाही. आजी नदीवरून पाणी आणायची."

"मग?"

"मग एका वर्षी हजेरीच्या वेळी तुझा आजा उभा राहिला. म्हणाला, माझा तुकडा लांब आहे, अर्धा या माणसाला द्या. खूप भांडण झालं. शेवटी कोणीतरी म्हणालं, तुझा आहे, तू काय करायचं ते कर. त्या दिवसापासून आमचं नाव पुकारतात. त्या दिवसापासून टाक्यातलं पाणी." त्यांनी पाटाच्या भिंतीतला एक काळा दगड दाखवला. "इथपर्यंत आमचा. इथून तुमचा."

"आणि बापू ब्रह्मदेशात गेल्यावर?"

"जाताना माझ्या अब्बांना म्हणाला, तुकडा बघ. अब्बांनी बघितला. अब्बा गेले, मी बघितला."

"दरवर्षी?"

"एकदा चुकलो. हिवताप होता. तेव्हा ही आली होती." पलीकडे बसलेल्या बिबनचाचींनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "इनसे अच्छा निकाला था." सगळे पुन्हा हसले.

अशा वेळी मी मोजतो, पण मोजण्यासारखं काही नव्हतं. बापूंनी कधी घरी पत्र पाठवलं नाही, हा आईचा जन्मभराचा ठपका होता. ज्या गावाला त्यांनी एक ओळ लिहिली नाही, तिथे एक माणूस दर वर्षी त्यांच्या नावाने 'हजर' म्हणत राहिला.

बिबनचाचींनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मी आणि लीला दोघंही प्यालो. जवळच्या एकदोन माना वळल्या आणि पुन्हा आपापल्या भाकरीकडे गेल्या. गावात इतकं पुरे असतं.

तिसऱ्या प्रहरी पाटकरी काठी घेऊन पाटाच्या तळातून चालत आले. माझ्या तुकड्यात थांबले. काठी टेकवली. "इथे उंचवटा आहे. पाणी अडेल." मी पुन्हा उतरलो. पुन्हा टेकवली. "अजून." तिसऱ्यांदा ते काही न बोलता पुढे गेले. कोणत्याही वरिष्ठाच्या शेऱ्याने मला इतका आनंद झालेला नाही.

मग बंधाऱ्याचं तोंड उघडलं. सगळे काठावर उभे. पाणी मातकट, पुढे पालापाचोळा ढकलत आलं. काळ्या दगडापर्यंत आलं आणि माझ्या हद्दीत येऊन थबकलं. जमलेला कचरा तिथे गोल फिरू लागला. मागून पाणी चढत होतं. तलाठी वाकून बघत होते. लीलाने माझ्याकडे पाहिलं, परकर खोचला, खाली उतरली आणि दोन्ही हातांनी तळाचा एक दगड उपटून काढला. पाणी तिच्या घोट्यांवरून पुढे गेलं.

"रामजीनी नात शे," पाटकरी म्हणाले. एवढंच.

सही

पत्राचा मसुदा मी रंगूनहूनच करून नेला होता. 'सदरहू कुटुंब पिढीजात मूळचे रहिवासी' वगैरे. पाटलांनी तो वाचून घेतला आणि म्हणाले, "हे नको. जे आहे ते लिही." तलाठ्यांनीच शेवटी लिहून घेतलं, आणि त्यांचं अक्षर सुरेख आहे हे सांगितलं पाहिजे. 'रामजी भामरे यांचे घर या गावचे असून पाटावर हजर आहे.' खाली पाटलांची सही. साक्षीदाराच्या जागी करीमचाचांनी उर्दूत नाव घातलं. तलाठ्यांनी ते अक्षर निरखलं. मग त्यांनी टाक पुन्हा बुडवला आणि त्याखाली मराठीत लिहिलं: 'करीम विणकर, राहणार बोरदरे.'

सटाण्याच्या कचेरीत मामलेदारांनी कागद दोनदा वाचला. ते दक्षिणेकडचे असावेत. "पाटावर हजर म्हणजे काय?" मी सांगायला तोंड उघडलं तोच त्यांचा कारकून म्हणाला, "साहेब, आमच्याकडे याहून मोठा दाखला नाही." शिक्का पडला. त्या कारकुनाचं नावही मला माहीत नाही. या प्रवासात ज्यांचे आभार मानायचे त्यांतल्या निम्म्यांची नावं माझ्या यादीत नाहीत, ही माझ्या पद्धतीतली मोठी उणीव ठरली.

निघताना मी चाचांना विचारलं, "पुढच्या वर्षी काय?"

"जोवर मी आहे, मी आहे. नंतर मुलगा आहे. पण तुझी पोर नाशिकलाच राहणार ना? दसऱ्यानंतर तिला सुट्टी असेल."

मी पाटकऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पोर चालेल. भाड्याची नको."

नाशिकला मुख्याध्यापिकांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सुरगाण्याच्या मुलीचं काय, हे मी भीत भीतच विचारलं. तिच्यासाठी वसतिगृहाच्या बाईंनी खटपट करून आणखी एक जागा काढली होती. दोघी आता एकाच खोलीत राहतात. लीलाचं पहिलं पत्र आलं त्यात तिच्याकडून शिकलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीची कृती होती. दत्तोपंतांनी बोरदऱ्याचा कागद हातात घेऊन उभ्या उभ्या एक छोटं भाषण केलं. त्यांना हे सगळ्या राष्ट्राने वाचावं असं वाटतं. मला वाटतं तलाठ्यांनी ते लिहिलं, तेवढ्याने भागलं.

रंगून

आता तुमचा चौथा प्रश्न. एप्रिलपासून आपण कायद्याने दुसऱ्या देशात आहोत. काय काय कागद लागतील, कोण कोणाला पाठवून देईल, मला माहीत नाही. हिंदी हमालांवर उठलेली गोदीवरची दंगल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मी धीर द्यायला बसलेलो नाही. फक्त माझ्या गल्लीत काय झालं ते सांगतो.

आमच्या गल्लीत चार घरं हिंदी लोकांची, बाकी बर्मी. दरवर्षी पावसाच्या आधी बर्मी शेजारी एका सकाळी जमतात आणि गल्लीतलं गटार विहाराच्या कोपऱ्यापर्यंत उपसतात. गप्पा, चहा, मुलांचा गोंधळ. आम्ही चारही घरं एक झाडूवाला पाठवतो. तो येतो, आमच्यापुढचं काढतो, जातो. बावीस वर्षं मी याची व्यवस्था चोख ठेवत आलो आहे. त्या जमलेल्या लोकांनी आम्हांला कधी बोलावलं नाही, याचं मला कधीमधी वाईटही वाटे.

या वर्षी मी झाडूवाल्याला निरोप दिला नाही. लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाटी घेऊन बाहेर गेलो. सगळे बोलायचे थांबले. शेजारच्या म्हाताऱ्या दॉ मे बाई गटाराच्या काठावर बसल्या होत्या, तोंडात जाड चिरूट.

"तुझा माणूस कुठे आहे?" त्यांनी बर्मीत विचारलं.

"मीच आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मागे वळून इतरांना काहीतरी म्हणाल्या आणि सगळे हसले. ते हसणं मी ओळखलं. बोरदऱ्याला पाटी उतरवून हसलेल्या त्या बाईचं होतं. दॉ मे उठल्या, एक बांबू घेऊन माझ्या फाटकापाशी चिखलात रोवला, चालत गेल्या आणि दुसरा रोवला.

"इथपासून इथपर्यंत," त्या म्हणाल्या.

मी मोजलं. अकरा पावलं आहेत. वहीत लिहून ठेवली आहेत.